गावची गाडी: नेणं सोपं, आणणं अवघड

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून सहा किलोमीटर आत. फाट्यावर एसटी थांबते. फाट्यापासून तालुका अठरा किलोमीटर. मूर्तिजापूर–यवतमाळ शकुंतला रेल्वे धावायची तेव्हाच्या गोष्टी म्हातारी माणसं अजून सांगतात, पण त्या गोष्टींवर बसून दवाखान्यात जाता येत नाही. म्हणून ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना तालुक्याला दवाखान्यात, बँकेत नेऊन परत आणायला आम्ही बायकांच्या बचत गटातून गावची गाडी सुरू केली. सातवं वर्ष आहे. हिशेब, यादी आणि भांडणं माझ्याकडे. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, आणि या कामाला त्याचा फायदाच होतो. दुसऱ्याच्या वेळेवर ताटकळणं म्हणजे काय हे मला सांगावं लागत नाही.

आता आजूबाजूच्या गावांतून लोक विचारायला येतात. त्यांना कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं की सर्वेक्षण करा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, एखादं अ‍ॅप बनवून घ्या, सेवा मोफत ठेवा. यातलं एकही करू नका. ज्या आजीसाठी गाडी काढायची तिच्याकडे बटनाचा फोन आहे, आणि तोही तिचा नातू घेऊन फिरतो.

यादी

सर्वेक्षणाऐवजी आशाताईंसोबत एक दुपार बसा. बीपी-शुगरच्या गोळ्या कोणाला सुरू आहेत, कोण गरोदर आहे, कुबडीवर कोण, डोळ्याने कोणाला दिसत नाही, एकटं कोण राहतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. दोन तासांत यादी होते. आमची पहिली यादी ३८ नावांची होती. एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या घरी फटफटी आहे पण चालवणारा पोरगा पुण्याला आहे, ते घर बिनगाडीचंच धरायचं.

यादी झाली की प्रत्येक नावापुढे ‘ही फेरी खरंच लागते का’ हे लिहा. निराधार किंवा श्रावणबाळ पेन्शनचे दीड हजार काढायला म्हातारं माणूस चोवीस किलोमीटर जातं, आणि तेच पैसे गावातला बँक मित्र किंवा पोस्टमन अंगठ्यावर देऊ शकतो. पोस्टाची पेमेंट बँक २०१८ पासून आहे. हयातीचा डिजिटल दाखलाही पोस्टमन घरी येऊन करून देतो. बीपी मोजणं उपकेंद्रात होतं. आमच्या ३८ जणांच्या फेऱ्या यातूनच जवळपास निम्म्यावर आल्या. फक्त शेतात राबून बोटं झिजलेल्यांचा अंगठा मशीनवर उठत नाही. त्यांना बँकेतच न्यावं लागतं.

जो पायरी चढू शकतो त्याला तालुक्यापर्यंत नेऊ नका, फाट्यावर एसटीला जोडून द्या. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी २०२२ च्या ऑगस्टपासून फुकट आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर अर्धं तिकीट, बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं. त्या सवलतीशी स्पर्धा करणारी गाडी काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आमची गाडी सोमवारी आणि गुरुवारी फाट्यापर्यंतच जाते. मंगळवार आणि शुक्रवारी तालुक्याला जाते ती ज्यांना एसटीची पायरी चढवत नाही त्यांच्यासाठी.

गाडी आणि कागद

पांढऱ्या नंबरपाटीची खासगी गाडी घेऊन पैसे घेत फिरू नका. ‘डिझेलपुरतेच तर घेतो’ हे पोलीस ऐकेलही, विमा कंपनी ऐकणार नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर बसत नाही, आणि अपघात झाला की पहिला प्रश्न तोच येतो. पिवळ्या पाटीची, परवाना, फिटनेस आणि विमा चालू असलेली गाडीच घ्या. आणि घ्या म्हणजे विकत नव्हे, दिवसावर. आम्ही शेजारच्या गावातल्या काळीपिवळीवाल्याशी करार केला आहे. टायर, फिटनेस, दुरुस्ती त्याची डोकेदुखी. गाडी विकत घेऊन गोठ्यात सडवलेले दोन गट मला माहीत आहेत.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. ड्रायव्हर सोडून सहापर्यंत प्रवासी असेल तर मोटार कॅब, सातपासून बारापर्यंत मॅक्सी कॅब. या गाड्यांचा परवाना साधारणपणे कंत्राटी वाहतुकीचा असतो, म्हणजे अख्खी गाडी एका कराराने घ्यायची, आणि करारात नसलेला माणूस वाटेत चढवायचा किंवा उतरवायचा नाही. रस्त्यावर काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. पण गावाच्या नावाने गाडी काढायची तर करार कागदावर करा, दिवसाचा ठरलेला आकडा लिहा आणि प्रत्येक फेरीला नावांची यादी जोडा. एकदा आरटीओत जाऊन गाडीचा परवाना दाखवून खात्रीही करून घ्या. ही नावांची यादी पुढे वेगळ्याच कारणाने कामाला येते, ते खाली सांगते.

आसनं आरसी बुकात लिहिली असतील तेवढीच. ‘पोट्टं मांडीवर बसते ना’ चालणार नाही.

पैसे

फुकट ठेवू नका. पहिले तीन महिने आम्ही फुकट ठेवली, तर बाजाराला, लग्नाला, केस कापायला जाणारे सगळे धट्टेकट्टे गाडीत आणि आजी पारावर. आणि दर फेरीला माणशी भाडंही घेऊ नका. एक तर परवान्यात बसत नाही, दुसरं म्हणजे ज्याच्या खिशात त्या दिवशी वीस रुपये नाहीत तो औषधाचीच फेरी चुकवतो.

घरपट्टीसारखी वर्गणी घ्या. आमचा हिशेब असा: गाडीचा दिवस १,५०० रुपये, तालुक्याच्या महिन्याला आठ फेऱ्या, म्हणजे १२,०००. यादीतलं नाव असलेली ६० घरं महिना दीडशे देतात, बाकीची ६० घरं आपल्यावरही म्हातारपण येणार म्हणून पन्नास. बेरीज बरोबर १२,०००, कागदावर. प्रत्यक्षात दहा-बारा घरं चुकवतात. ते आणि फाट्याच्या फेऱ्यांचं डिझेल बचत गट उचलतो. वसुली महिन्याच्या महिन्याला करायला जाऊ नका, फक्त तोंडं वाईट होतात. सोयाबीन विकलं की दिवाळीत अर्धे, कापूस विकला की संक्रांतीनंतर अर्धे. ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या दारी पैसे मागायला जाणाऱ्याला विदर्भ कळलेला नाही.

एका निवडणुकीच्या आधी एका पुढाऱ्याने गाडी देऊ केली होती, मागच्या काचेवर त्याच्या फोटोसकट. नाही म्हणालो. शेजारच्या गावाने हो म्हटलं. मतमोजणीनंतर काच, फोटो आणि गाडी तिन्ही गेलं.

ड्रायव्हर न पिणारा हवा. त्याला विचारू नका, त्याच्या बायकोला विचारा.

परतीची फेरी

आता खरं काम. गाडी काढणारे सगळे जाण्याचा विचार करतात. सकाळी आठला पारापासून निघायचं, सव्वानऊला दवाखान्याच्या दारात. त्यात काही कौशल्य नाही. सगळे एकाच वेळी निघतात, एकाच ठिकाणी उतरतात. परत येताना मात्र नऊ माणसांची नऊ कामं नऊ वेगळ्या वेळी संपतात, आणि तिथेच गाडी मोडते. आमचीही दोनदा मोडली.

पहिल्यांदा आम्ही ठेवलं ‘काम झालं की फोन करा, गाडी येते’. ऐकायला किती छान! दुपारी बाराला ड्रायव्हरला सात फोन. एक बँकेत, एक मेडिकलसमोर, एक आजोबा म्हणतात मी ‘मोठ्या झाडाखाली’ आहे. तालुक्याच्या गावात मोठी झाडं किती! गाडी गावभर फिरायची आणि ज्यांचं काम सगळ्यात आधी झालं ते तीन तास गाडीतच कोंडलेले.

मग केल्या दोन परतीच्या फेऱ्या, एक वाजता आणि चार वाजता. डिझेल दुप्पट. शिवाय चारची गाडी आहे म्हटल्यावर एकची गाडी कोणी धरेना. ‘राहू दे, चारले जातो’ म्हणत लोक बाजारात रेंगाळायचे. एकची गाडी दोघांना घेऊन यायची आणि चारच्या गाडीत अकरा जण.

शेवटी बसलं ते असं.

दिवस वाटून टाका. बँक आणि दवाखाना एका दिवशी कधीही नको. बँकेचं काम एक तर तासात होतं नाहीतर ‘लिंक गेली’ म्हणून होतच नाही. दवाखान्याचं काम चार तासांच्या आत होत नाही. दोन्ही एका गाडीत कोंबले की बँकवाले दवाखानेवाल्यांना शिव्या देत बसतात. आमचा मंगळवार दवाखान्याचा, शुक्रवार बँक, तहसील आणि बाकी भानगडींचा. महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची खास तपासणी असते. त्या दिवशी गाडी फक्त त्यांची, मग वार कोणताही असो.

परतीची वेळ सगळ्यात सावकाश कामावरून ठरवा. आमच्याकडे ते काम म्हणजे शुगरची तपासणी. पेशंट उपाशीपोटी जातो, दहाच्या सुमारास पहिलं रक्त देतो, मग जेवतो, आणि जेवणानंतर बरोबर दोन तासांनी दुसरं. म्हणजे साडेबारा-एक तिथेच. मग रिपोर्ट, मग डॉक्टर, मग औषधाची रांग. तीनच्या आधी तो माणूस मोकळा होत नाही, तुम्ही काहीही करा. म्हणून आमची गाडी तीनला सुटते आणि बाकीच्यांना तेवढं थांबावं लागतं. एक वाजताच घाई करून निघालेले गट मी पाहिले आहेत. त्यांचे शुगरचे पेशंट दुसरं रक्त न देताच घरी येतात, मग डॉक्टर पुन्हा बोलावतो. दवाखान्यात आमच्या माणसांचा नंबर आधी लावा म्हणून मी कधी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. रक्ताचे रिपोर्ट किती वाजता मिळतात एवढंच विचारा आणि तेवढं वेळापत्रकात धरा.

उपाशी नेलेल्या माणसासाठी डब्यात भाकर हवीच. शुगरच्या गोळ्या घेणारा माणूस अकरापर्यंत उपाशी राहिला की त्याला चक्कर येते. हे मला पहिल्याच वर्षी दवाखान्याच्या व्हरांड्यात शिकायला मिळालं. तेव्हापासून माझ्या पिशवीत साखरेची पुडी असते.

थांबायची जागा एकच. सावली, पाणी आणि बायकांसाठी संडास, या तीन गोष्टी जिथे आहेत तीच. गाडी तिथून हलत नाही, माणसं तिथे येतात. ज्याला चालवत नाही त्याला आणायचं काम गाडीचं नाही, सोबतिणीचं.

ही सोबतीण कोण? तीच या सगळ्या गाडीचा कणा आहे, आणि नवीन गट सगळ्यात आधी तिच्यावरच पैसे वाचवतात. प्रत्येक तालुका फेरीसोबत गावातली एक बाई जाते. दिवसाचे २०० रुपये, डबा तिचा. केस पेपर काढायला, एक्स-रेची खोली शोधायला, रांगेत नंबर धरायला ती मदत करते, आणि तिच्या हातात यादी असते. ड्रायव्हरला हे काम देऊ नका. तो गाडीपाशी पाहिजे. आशाताईंच्या गळ्यातही घालू नका. त्यांच्या गळ्यात आधीच पुष्कळ आहे.

आता यादीचं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्याआधीची गोष्ट. सोबतीण तेव्हा नव्हती. मीच गेले होते. सकाळी नऊ जण नेले. तीनला गाडीत डोकी मोजली, नऊ. निघालो. गावात पारावर उतरले तर एक म्हातारा विचारतो, ‘आमची बुढी कुठं हाय?’ नऊ डोक्यांत एक डोकं गावातल्याच एका पोराचं होतं. तालुक्याहून येताना जागा दिसली म्हणून तो बसला होता. आकडा बरोबर, माणसं वेगळी. आजीला तिकडे एक्स-रेला पाठवलं होतं, ती बाहेर आली तर गाडी गेलेली. फोन नाही, गावचं नाव सोडून पत्ता सांगता येत नाही. पायरीवर बसून राहिली. रात्री नऊला तिचा भाचा फटफटीवर घेऊन आला, दुखऱ्या कमरेसकट. मी दारात उभी होते. ती एवढंच म्हणाली, ‘मले इसरले ना तुमी.’ चार महिने ती गाडीत बसली नाही.

म्हणून डोकी मोजू नका. नावं वाचा. सकाळी चढताना नाव, तीनला चढताना तेच नाव, आणि माणसाने स्वतः ‘हो’ म्हणायचं, शेजाऱ्याने नाही. यादीत नसलेला माणूस गाडीत घ्यायचा नाही, मग तो सरपंचाचा साळा असो. परवान्याचं कारण सांगा, ते खरंच आहे. त्याला वाईट वाटेल, वाटू द्या.

तीनला कोणी आलं नाही तर? वीस मिनिटं थांबा. मग गाडी सोडा आणि सोबतीण मागे ठेवा. एका माणसासाठी आठ जणांना उन्हात ताटकळवलं की पुढच्या मंगळवारी चारच जण येतात. पण मागे राहिलेल्याला घरी आणायची सोय आधीच ठरलेली पाहिजे. सोबतीण त्याला घेऊन संध्याकाळच्या एसटीने फाट्यावर येते, तिथून आमची गाडी आणते. एसटीत चढवत नसेल तर ऑटो करायचा. त्यासाठी वेगळ्या पाकिटात हजार रुपये असतात, ज्याला हिशेबात ‘राखीव’ म्हणतात आणि ज्याला कोणीही उसने म्हणून हात लावत नाही. वर्षातून चार-पाच वेळा ते पाकीट उघडावं लागतं.

डायलिसिसचा पेशंट या गाडीत घालू नका. आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, मशीनवर चार तास, आणि उठल्यावर त्याला बसवत नाही, बीपी उतरलेलं असतं. त्याला तीनपर्यंत झाडाखाली बसवून ठेवणं क्रूरपणा आहे. त्याच्यासाठी वेगळी गाडी, मागची सीट आडवी, आणि तिचा वेगळा हिशेब. आमच्या गावात एकच होते. त्यांच्यासाठी गावाने वेगळी वर्गणी केली.

पाऊस आणि ऊन

परतीचा विचार इथेही. सकाळी नाला कोरडा असतो, दुपारी वर कुठेतरी पडलेला पाऊस तीनला रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावर, येतो. पाणी रपट्यावरून वाहत असेल तर गाडी घालायची नाही. गुडघाभर असो की घोटाभर. अलीकडच्या गावात एक घर ठरवून ठेवा जिथे नऊ माणसं रात्र काढू शकतील. आम्ही दोनदा काढली आहे, पिठलं-भाकर खाऊन. पांदण रस्त्यात पावसाळ्यात गाडी नेऊच नका. काळ्या मातीच्या गाऱ्यात चाक गेलं की बैलजोडीच आणावी लागते. शेतातल्या घरात राहणाऱ्याने पारापर्यंत यायचं. त्याला आणायला घरच्याने खाट किंवा बैलगाडी काढायची.

मे महिन्यात वेळापत्रक उलटं होतं. सहाला निघायचं आणि कितीही झालं तरी बाराच्या आत घरी. शुगरची दुसरी तपासणी मेमध्ये होत नाही, ती आम्ही एप्रिलमध्येच उरकतो. बँक दहाला उघडते, म्हणून मेमधले शुक्रवार बंद. पंचेचाळीस डिग्रीत पत्र्याच्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला बसवून ठेवणाऱ्याला मी माणूस म्हणणार नाही.

आणि एवढं

ही अँबुलन्स नाही, हे पहिल्याच बैठकीत मोठ्याने सांगा. छातीत दुखतंय, साप चावला, कळा सुरू झाल्या, तर १०८. बाळंतपणाला १०२ पण आहे. गावची गाडी मंगळवारची आहे म्हणून मंगळवारपर्यंत थांबलेला पेशंट मी एकदा पाहिला आहे. आता पारावरच्या फळ्यावर वेळापत्रकाच्या वर १०८ लिहिलेलं असतं, वेळापत्रकापेक्षा मोठ्या अक्षरात.

वेळापत्रक फळ्यावर, आणि आदल्या संध्याकाळी मंदिराच्या भोंग्यावरून. नाव द्यायचं सायंकाळी सातपर्यंत, माझ्याकडे किंवा किराणा दुकानात.

चढवताना ओढू नका. आधी सीटच्या कडेला बसवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. त्यासाठी एक बुटका लाकडी स्टूल लागतो, सुताराकडून करून घ्या, प्लास्टिकचा सरकतो. त्यावर गावाचं नाव रंगवा. आमचे दोन स्टूल बँकेच्या पायरीपाशी राहून गेले. यादीत आता माणसांच्या नावांखाली शेवटचं नाव स्टूलाचं असतं, आणि तीन वाजता सोबतीण ते वाचते तेव्हा मागच्या सीटवरून कोणीतरी म्हातारी ‘हो’ म्हणते.